छोटी स्टडी मोठी केली की चित्र मरतं? अजिबात नाही

"जलरंग एकदाच लागतो. जागेवर केलेली स्टडी (छोटं कच्चं चित्र) घरी आणून मोठी केली की चित्र मेलंच, जुने मास्टर असं कधीच करत नव्हते." हे मला इतक्या जणांनी पाठवलंय, आणि माझ्याकडे शिकणारी मुलं ते वाचून मोठ्या कागदाला हात लावायला घाबरतायत, म्हणून लिहितेय.

आधी मास्टरांचं बघू. इंग्लिश चित्रकार टर्नर 1797 ला इंग्लंडमधल्या नॉरहॅम किल्ल्यापाशी गेला, तिथे पेन्सिलने स्केच केलं, नंतर रंगाच्या ट्रायल घेतल्या आणि पूर्ण केलेला जलरंग 1798 ला रॉयल अकॅडमीत लावला. तेवढ्यावर थांबला नाही, तोच किल्ला 1845 च्या आसपास परत ऑइलमध्ये केला. त्याच काळातल्या कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराने 1821 च्या 'हे वेन' (The Hay Wain) या चित्रासाठी तर मूळ चित्राच्याच मापाचं आख्खं स्केच आधी केलं होतं. ते ऑइल आहे, मान्य, पण "मास्टर करत नव्हते" हे साफ चुकीचं आहे.

आता ताजेपणा. तो जातो, बऱ्याचदा जातो, माझाही गेलाय, पण का जातो ते नीट बघा ना. मेणवलीच्या घाटावर मी सकाळी 5 बाय 7 इंचाची स्टडी केली, 8 नंबरचा राउंड ब्रश दोनदा भरला आणि आकाश झालं. घरी फुल शीट घेतली, 22 बाय 30, म्हणजे 35 चौरस इंचांचे 660 झाले, जवळजवळ 19 पट, आणि रंग मात्र पॅलेटच्या त्याच खाचेत कालवलेला! अर्ध्या आकाशात संपला, परत कालवेपर्यंत कड वाळली, बरोबर देवळाच्या शिखरामागे आडवी रेघ. ओल्या ब्रशने घालवायला गेले तर फुलकोबीसारखे डाग उठले.

दुसऱ्या वेळी कागद गमटेपने ताणून घेतला, वाटीभर रंग आधीच कालवला, जरा गडदच, कारण वाळल्यावर फिका पडतो, बोर्ड तिरका केला आणि दोन इंची फ्लॅट ब्रशने वरून खाली येत गेले, खालच्या कडेला साचलेला रंग वाळू न देता. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एकसंध आला. तोच विषय, तोच हात, फक्त पाणी आणि रंग कागदाच्या मापाचे.

आणि एक, स्टडीतले अपघात कॉपी करू नका. माझ्या स्टडीत पायऱ्यांवर थेंब पडून छान डाग आला होता, तो मी मोठ्या कागदावर बारीक ब्रशने अर्धा तास रंगवत बसले, आणि चित्र तिथेच आखडलं. स्टडीतून घ्यायचं ते म्हणजे घाट गडद, पाणी उजळ, धुणं धुणाऱ्या बाईचं लुगडं लाल, बस.

"नुसता ग्रिड टाकून मोठं करा" म्हणणारेही आहेत. ग्रिडने, म्हणजे स्टडीवर आणि मोठ्या कागदावर चौकटी आखून, जागा बरोबर पडतात, पण स्टडीत नखाएवढी असलेली सावली मोठ्या कागदावर तळहाताएवढी होते आणि तशीच सपाट भरली की भोक दिसतं. तिच्यात कुठे निळसर, कुठे तांबूस झाक ओल्यातच सोडावी लागते. ती झाक स्टडीत नसतेच, मोठ्या कागदावरच ठरवावी लागते.

म्हणून मी हल्ली मोठ्या शेप बसल्या की स्टडी पालथी घालते आणि पुढचं सगळं फक्त कागदाकडे बघून करते.