काम दिलं, पण निर्णय दिला का?

काल आमच्या पिंपळगाव बसवंतजवळच्या पॅकहाऊसमधून द्राक्षांचा सीझनचा शेवटचा कंटेनर निघाला, तेव्हा मी नाशिकला घरी मुलीचा अभ्यास घेत होतो. बारा वर्षांत शेवटच्या लोडिंगला मी नाही, असं पहिल्यांदाच झालं.

कामं मी पूर्वीही वाटायचो. ब्रिक्स म्हणजे द्राक्षांची गोडी बघणं एकाकडे, पनेटचं म्हणजे छोट्या डब्यांचं वजन दुसऱ्याकडे, प्रीकूलिंग म्हणजे गाडीत भरण्याआधी माल थंड करणं आमच्या सुपरवायझर ताईंकडे. पण ‘सर, हा लॉट घेऊ का?’, ‘सर, गाडी लावू का?’ करत सगळे यायचे माझ्याकडेच, आणि मी लगेच सांगून मोकळा व्हायचो. सहा-सहा वर्षं काम केलेल्या माणसांना मी ठरवूच देत नव्हतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गेल्या सीझनला लोडिंग ताईंकडे दिलं. नुसतं ‘तुम्ही बघा’ म्हणून नाही. काय स्वतः ठरवायचं, काय करून मग कळवायचं आणि कशासाठी आधी विचारायचं, हे दोघांनी बसून कागदावर लिहिलं. गाडी थांबवायचा अधिकार त्यांचा. मालक आणि ट्रान्सपोर्टवाला, दोघांनाही हे त्यांच्यादेखत सांगितलं. हे केलं नाही तर लोक त्यांना डावलून आपल्यालाच फोन लावतात.

फेब्रुवारीत एका रात्री त्यांनी चेंबरच्या मागच्या कोपऱ्यातल्या पॅलेटमध्ये मण्यात थर्मामीटरचा प्रोब खुपसला, तर चार डिग्री. आम्हाला शून्य-एक लागतं. रीफर कंटेनर थंड माल थंड ठेवतो, कोमट माल थंड करायचं काम त्याचं नाही. त्यात 2023 च्या डिसेंबरपासून तांबडा समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. ड्रायव्हर घाई करत होता. ताईंचा फोन आला. उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण विचारलं, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’

त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘तीन तास थांबवते सर. पॅलेट पंख्यासमोर ओढून घेते.’’

‘‘घ्या.’’

सगळंच असं सुरळीत झालं नाही. ग्रेडिंग ज्या मुलाकडे दिलं, त्याच्या हातून बारीक मण्यांचा लॉट पुढे गेला. तीनशे बॉक्स रात्रभर उघडून पुन्हा भरले. मालक म्हणाले, काढून घ्या त्याच्याकडून. मी नाही म्हटलं. अशा वेळी काम काढून घेतलं की तो पोरगा पुन्हा कधी पुढे येत नाही, आणि बघणारे बाकीचेही हात आखडतात. सकाळी मण्यांचा आकार मोजायची रिंग घेऊन त्याच्याशेजारी बसलो. क्रेटमधले फक्त वरचे घड तपासले होते, हे त्याचं त्यालाच सापडलं. तळातलेही घड काढून मोजायचे, हा नियम त्याने स्वतः केला. यंदा त्याचा एकही लॉट परत उघडावा लागला नाही.

काल रात्री साडेअकराला ताईंचा मेसेज आला : ‘गाडी गेली. सील नंबर ग्रुपवर टाकलाय.’