रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही हो

पाऊस सुरू झाला की हा मेसेज परत फिरायला लागतो, आमच्या मुलुंडच्या ट्रेक ग्रुपवर या आठवड्यात तीनदा आला. म्हणे घाटात रेंज नसते, त्यामुळे मोबाइलचं जीपीएस बंद पडतं, म्हणून सह्याद्रीत जायचं तर वेगळं जीपीएस यंत्र घ्याच, ते कधी चुकत नाही आणि अडकलात तर मदतपण बोलावतं.

आता पहिलंच घ्या. जीपीएसला रेंज लागतच नाही. फोनमधली चिप उपग्रहाचे सिग्नल फक्त ऐकते, वर काही पाठवत नाही, सिम काढा नाहीतर फ्लाइट मोडवर टाका, तरी जागा दाखवते. नेट असलं की पहिल्यांदा जागा लवकर सापडते, नसलं तर उघड्यावर जरा थांबायचं, एवढाच फरक. रेंज लागते ती नकाशा उतरवायला, आणि तिथेच सगळे आपटतात, मीपण आपटलोय. खांडसहून भीमाशंकरला निघालो होतो, घरी नकाशा डाउनलोड करायचा कंटाळा केला, आणि वर जायच्या दोन वाटांपैकी शिडी घाट सोडून गणेश घाटाला कुठे वळायचं ते बघायला फोन काढला तर निळा ठिपका मजेत उभा आणि भोवती सगळं कोरं, ना वाट ना ओढा! शेवटी गुरं घेऊन चाललेल्या एका आजोबांनी हात करून दाखवलं. तेव्हापासून नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशावर वाटेची रेघ दाखवणारी फाइल, आदल्या रात्रीच घेतो, आणि कर्जत लोकलमध्ये फ्लाइट मोड टाकून एकदा उघडून बघतो.

कधी चुकत नाही हे पण खोटं. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत दोन्हीकडे कातळ, सिग्नल कड्यावर आपटून येतो, तिथे फोनही भरकटतो आणि महागडं यंत्रही.

मदतीचं तर वाचून डोकंच फिरलं. साधं हातातलं जीपीएस कुणाला काही कळवत नाही. कळवणारे सॅटेलाइट मेसेंजर वेगळे, आणि ते सरकारी परवानगीशिवाय आपल्याकडे चालत नाहीत, विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यापायी पोलिसांनी धरलंय.

यंत्राची खरी बाजू मेसेजमध्ये आलीच नाही बघा. त्याला बटणं असतात, ओल्या हातांनी चालतात, आणि बऱ्याच मॉडेलना पेन्सिल सेल लागतात, ते गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. फोनच्या स्क्रीनवर थेंब पडले की नकाशा आपला आपण नाशिकला जातो. आठ-दहा दिवसांच्या मोहिमेला मीही यंत्रच नेईन, पण रविवारी जाऊन रात्रीच्या लोकलने परत यायचं असेल तर पावर बँक आणि स्वयंपाकघरातली झिपलॉक पिशवी पुरते, पिशवीवरून टच चालतो, फक्त धो धो पडायला लागला की तोही रुसतो.