आधी ऊस जाऊ दे

सावनदुर्गला जायचं ठरलंय. कधी ते ठरलं नाय, कोण कोण ते ठरलं नाय, पण जायचं हे पक्कं, आणि सातारकर एकदा जायचं म्हणला की विषय संपला.

सावनदुर्ग म्हणजे बंगळूरच्या पश्चिमेला साधारण साठ किलोमीटरवर, मागडीजवळ, ग्रॅनाइटचा एक अवाढव्य सलग घुमट, माथा १२२६ मीटरवर. घरी सांगितलं तर आबांनी बशीतला चहा खाली ठेवून विचारलं, "काय हाय तितं?" म्हणलं दगड. "दगड बघाय सातशे किलोमीटर?" आणि खिडकीतनं अजिंक्यताऱ्याकडं नुसतं बोट केलं, पुढं काय बोलायची गरजच नव्हती. काकी आतनं म्हणल्या, "ग्रॅनाइट आपल्या वट्याला पण हाय की, त्याच्यावर चढ, माळ्यावरचे डबे तरी निघतील."

आता ह्यांना कसं सांगायचं की कातळाकातळात फरक असतो. आपला बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, त्यामुळं कड्याला टप्पे, खाचा, घसारा, हातात सुटून येणारे धोंडे सगळं असतं, पण निदान धरायला काहीतरी असतं. तिकडचा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा, जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, आणि उघडा पडल्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटून सुटून गोल झालेला. तिथं धरायला काय नाय. तळवे नुसते टेकवायचे, बुटाच्या रबरावर उभं राहायचं आणि मनात शंका आणायची नाय, कारण शंका आली की माणूस खडकाला चिकटायला बघतो, आणि चिकटला की पाय सुटलेच. दोर अडकवायला खडकात ठोकलेले बोल्ट असतात, पण लांब लांब. खालचा मागं राहिला आणि वरचा अजून आला नाय अशा जागी घसरलात तर दोर धरतो खरा, पण तोवर कातडं बऱ्यापैकी सोलून निघतं. हा भाग मी घरी सांगितलेला नाय.

सावनदुर्गवर किल्ला पण हाय, १७९१ साली इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसच्या फौजेनं तो टिपूकडनं घेतला. त्याला जमलं कारण तारीख त्याला एकट्यालाच ठरवायची होती असं माझं मत आहे.

कारण खरी अडचण तारखेचीच. उन्हाळ्यात तो खडक असा तापतो की वर हात टेकवत नाय, पावसात ओला झाला की पाय ठरत नाय, म्हणून जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेही पहाटे उठून. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडं काय असतं हे सातारा-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. उसाचा गळीत हंगाम.

आमच्यातला एकजण कोरेगावकडचा. गाडी त्याची, साठ मीटरचे दोन्ही दोर त्याचे, पुढं चढणारा पण तोच. आणि ऊस पण त्याचाच. कारखान्यात नोंद लागणीच्या तारखेनं असते, पण तोड त्याच क्रमानं येईल असं मानणारा माणूस मी तरी अजून बघितला नाय. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा तोडीच्या चिठ्ठ्या देणारा गडी, म्हणतो सोमवारी तोडणाऱ्यांची टोळी टाकतो. सोमवारी टोळी शेजारच्या फडात. मुकादमाचा फोन बंद. मग कधीतरी निरोप न देता टोळी येणार, खुशालीचं, म्हणजे टोळीला वरनं द्यायच्या पैशाचं, बोलणं वेगळं होणार, ट्रॅक्टर चिखलात रुतला की ढकलायला आपणच, आणि शेवटची मोळी ट्रॉलीत पडेपर्यंत मालकानं बांध सोडायचा नाय, नायतर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कोण घेऊन गेलं ह्यावरनं भावकीत वर्षभर पुरेल एवढा विषय.

बरं गाडी राहू दे, मिरजेहून राणी चन्नम्मानं जाऊ म्हणलं तर रिझर्वेशनला तारीख लागते. वनखात्याच्या परवानगीला तारीख लागते. बँकवाल्या मित्राला रजेसाठी तारीख लागते आणि त्याच्या साहेबाला वर कारण पण लागतं, आता "मित्राचा ऊस गेला की लगेच" हे अर्जात कसं लिहायचं? आणि दोर नसताना आम्ही जाऊन करणार काय, खाली देवळात दर्शन घेऊन परत येणार? (आबांचं म्हणणं तेच करा.)

शेवटी परवा सगळे मिळून चिटबॉयच्या घरी गेलो, हातात कंदी पेढे. मोबाईलवर घुमटाचा फोटो दाखवला. त्यानं झूम करून, आडवा करून, बराच वेळ बघितला.

"दोर तुटत न्हाय न्हवं?"

म्हणलं नाय तुटत.

"मग मला बी न्या की दादा. तुमची तोड फुडल्याच आठवड्यात लावतो."

आम्ही एका आवाजात हो म्हणून टाकलं. परत येताना बँकवाल्यानं शंका काढली, की हा गडी हंगाम संपल्याशिवाय गाव सोडणार नाय, हंगाम संपणार मार्चात, आणि मार्चात त्या खडकाला हात लावायची सोय नाय, मग ह्याला नेणार कधी?

दोरवाला गाडी चालवत होता. त्यानं मागं बघितलं पण नाय. म्हणला, "आधी ऊस जाऊ दे."