रविवार सकाळच्या रिव्ह्यूबद्दल: गोल्फ कोर्सच्या मालकांकडून

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमचा खेळ सहाव्या होलनंतर थांबवताना मार्शलने, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणाऱ्या आमच्या माणसाने, चारचौघांत आवाज चढवला, तो चढवायला नको होता. चहा-पोह्यांनाही उशीर झाला. दोन्हींबद्दल मनापासून माफी मागतो.

पण एक वाक्य फार लागलं. ‘चेंडू कुणाला लागला नाही, तरी कॅडीने अख्ख्या कोर्सवर आरडाओरडा केला; गोल्फचा साधा शिष्टाचार इथल्या पोरांना माहीत नाही,’ असं तुम्ही लिहिलंत आणि खाली त्या मुलाचं नावही दिलंत. एक स्टार आम्ही सोसू. मात्र चूक त्याची नव्हती, म्हणून झालं तसं सांगणं मला भाग आहे.

चौथा होल ३४० यार्डांचा, पार चार, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा असा. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, १७० यार्डांवर उंचवटा आहे, त्यापुढे फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, उजवीकडे वळतो. चेंडू जिथे पडतो ती जागा टीवरून दिसतच नाही. म्हणून या होलला कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारा मुलगा, बॅगा टीवर ठेवून पुढे जातो आणि उंचवट्यावर झेंडी घेऊन उभा राहतो. लाल वर असेल तर थांबायचं, हिरवी दाखवली की मारायचं. ‘कॅडी बॅगपाशी नव्हता, क्लब आमचे आम्हीच काढले’ ही तुमची तक्रार याच होलची आहे. तो टाळाटाळ करत नव्हता. तिथे त्याचं कामच ते आहे.

त्या वेळी झेंडी लाल होती. उजव्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, टीपासून साधारण २०० यार्डांवर तीन बायका तण काढत होत्या. खाली वाकलेल्या, कानांवरून रुमाल घट्ट बांधलेले, पाठ टीकडे. कोर्सवर काम करणाऱ्यांचा हक्क पहिला. ते बाजूला होऊन हात करेपर्यंत कुणी मारायचं नसतं. तुमच्या मित्रांनी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, मारला. क्लबफेस उघडा राहिला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो. असा स्लाइस सगळ्यांचाच होतो, नव्या खेळाडूंचा जास्त, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चौथ्या टीवर सकाळी आठच्या सुमारास ऊन समोरून डोळ्यांवर येतं आणि झेंडी नीट दिसत नाही, हेही मान्य. पण झेंडी दिसली नाही तर ती लालच आहे असं धरून थांबायचं असतं.

गोल्फच्या चेंडूचं वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. तळहातावर घेतला तर जाणवतही नाही. पण ड्रायव्हरवरून सुटताना हौशी खेळाडूच्या चेंडूचाही वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असू शकतो, आणि हवेत तो पाचेक सेकंदच राहतो. त्यातला एक-दीड सेकंद तो वळतोय हे कळण्यात जातो. उरलेल्या साडेतीन-चार सेकंदांत वाकून काम करणाऱ्या बाईने आवाज ऐकायचा, तो आपल्यासाठी आहे हे ओळखायचं आणि डोकं झाकायचं. एवढ्या वेळात हळू बोलून काय होणार? तो ‘फोर! उजवीकडे! मावशी, डोकं!’ असं बेंबीच्या देठापासून ओरडला. ‘फोर’ म्हणजे गोल्फमध्ये ‘चेंडू येतोय, सांभाळा’. मावश्या लगेच खाली बसल्या, दोन्ही हात डोक्यावर घेतले. वर कुणीही बघितलं नाही. हे त्यांना मुद्दाम शिकवलेलं आहे, कारण ‘कुठून आला’ म्हणून मान वर केली की चेंडू डोळ्यावर बसतो.

चेंडू आदळला तो मावशींपासून दोन हातांवर ठेवलेल्या लोखंडी घमेल्यावर. त्याच्या काठाखाली लिंबाएवढा पोचा पडलाय आणि रंग उडून आतला पत्रा दिसतोय. घमेलं ऑफिसात ठेवलंय, कुणीही येऊन बघावं. ‘कुणाला लागला नाही’ हे वाक्य मी त्या घमेल्याकडे बघून वाचलं.

समोरचा खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की बोलायचं नाही, हलायचं नाही, त्याच्या पटच्या, म्हणजे भोकाकडे चेंडू हलकेच ढकलायच्या फटक्याच्या, रेषेवर सावलीही पडू द्यायची नाही. हे तुम्हाला चांगलं माहीत आहे, तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. पण २०१९ पासून लागू असलेल्या नियमावलीत, नियम १.२ मध्ये, दुसऱ्याचा विचार करणं म्हणजे काय याची तीन उदाहरणं एकाच ओळीत आहेत: झटपट खेळणं, इतरांची सुरक्षितता बघणं आणि दुसऱ्याच्या खेळात व्यत्यय न आणणं. तुम्ही शेवटचं तेवढं धरलंत. त्या मुलाने मधलं पाळलं.

आणि ‘फोर’ ओरडण्याचं पहिलं काम मारणाऱ्याचं असतं, कॅडीचा आवाज नंतर. चेंडू तिथवर पोहोचणार नाही असं वाटलं तरी ओरडायचं, मग पुढे जाऊन विचारपूस करायची. त्या दिवशी चौघांपैकी कुणीही मावशींपर्यंत गेलं नाही. हे लिहायचं मनात नव्हतं, पण राहवत नाही.

सहाव्यावर थांबवलं ते ‘घड्याळ लावून हाकललं’ असं नाही. सहावा पार तीन आहे, ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक गवताची जागा, टीवरून स्वच्छ दिसतं. समोरची मंडळी पट करत असताना तुमच्याकडून चेंडू ग्रीनवर गेला. दुसऱ्यांदा असं झालं की खेळ थांबवतो, हे स्कोअरकार्डाच्या मागे छापलेलं आहे.

तरी वेळेचंही सांगतो, कारण त्यावर तुम्ही बरंच लिहिलंय. तुमची वेळ ६:४० ची, टीवर आलात ६:५२ ला. स्पर्धेत पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर दोन स्ट्रोकचा दंड, त्यापुढे स्पर्धेतून बाद. रविवारच्या खेळाला आम्ही ते लावत नाही, लावलंही नाही. तिसऱ्या होलवर मात्र एक चेंडू नऊ मिनिटं शोधला गेला. नियमात ही मुदत तीन मिनिटांची आहे. पूर्वी पाच होती. चेंडू झाडीत गेल्याचा संशय आला की टी सोडण्याआधीच ‘प्रोव्हिजनल मारतोय’ असं मोठ्याने सांगून दुसरा, राखीव चेंडू मारून ठेवला, तर परत यायची वेळ येत नाही. शोधायला वेळ लागणार असेल तर मागच्यांना हात करून पुढे जाऊ द्यायचं. चौघे मिळून नऊ होलमध्ये दोनशेच्या आसपास फटके मारतात. प्रत्येक फटक्यामागे दहा सेकंद जास्त घेतले की अर्धा तास गेला, आणि मागे दर दहा मिनिटांनी एक फोरबॉल, म्हणजे चौघांचा गट, सुटलेला असतो.

ग्रीनवर चेंडू उड्या मारत होता, हे खरं आहे. खेळाडूंनी न बुजवलेल्या पिचमार्कमुळे, म्हणजे चेंडू पडून झालेल्या खड्ड्यांमुळे, ते होतं. फोर्क खड्ड्याच्या कडेला तिरका खुपसून माती मध्याकडे ढकलायची, वर पटरने हलकं दाबायचं. खालून वर उचकटलं तर मुळं तुटतात आणि तिथे टक्कल पडतं. लगेच बुजवला तर काही दिवसांत भरतो, नाहीतर आठवडे जातात. माळी रोज पहाटे बुजवतात, पण ग्रीन नऊ आणि माणसं दोन.

उरलेल्या तीन होलचे पैसे नियमाने परत देता येत नाहीत, तरी तुम्ही फोन करा, काहीतरी मार्ग काढू. चौथ्यावरची झेंडी मोठी करतोय, फलकाचंही बघतोय, मार्शलशी बोलणं झालंय. नाश्त्याकडेही लक्ष देऊ.

एक विनंती आहे. रिव्ह्यू तुमचा आहे, स्टारही तुमचे, ते तसेच राहू द्या. फक्त त्या मुलाचं नाव तेवढं काढा. खेळाडू त्याला नावाने मागून घेतात, त्यावरच त्याची रोजची कमाई आहे, आणि सोमवारपासून दोघांनी ‘तो नको’ म्हणून सांगितलंय.

तुमच्या मित्रांच्या ड्रायव्हरचं कव्हर चौथ्या टीच्या बाकावर राहिलं होतं. त्यानेच आणून दिलं, ऑफिसात ठेवलंय.