मिठाच्या पाण्याने बटाटा वाचत नाही

थंडीत दव गोठून रब्बी बटाटा करपू नये म्हणून काय करावे, हे सांगणारा एक संदेश डिसेंबर लागला की फिरू लागतो. यंदा तो आंबेगाव तालुक्यातल्या माझ्या मामांपर्यंत पोहोचला. मिठाची गोणी आणण्याआधी त्यांनी फोन केला, हे नशीबच म्हणायचे. पंधरा लिटरच्या पंपात अर्धा किलो मीठ टाकून फवारा, थंडी आहे तोवर पाणी तोडा, बांधावर ओला कचरा पेटवून धूर करा आणि पाने काळी पडली की लगेच बटाटा काढून घ्या, असे चार सल्ले त्यात ठासून दिलेले आहेत.

मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, एवढे खरे आहे आणि शाळेतल्या त्या एका वाक्यावर हा सगळा डोलारा उभा केलेला दिसतो. पण पीक जाते ते पानाच्या आतले पाणी गोठल्यामुळे. बाहेरून मारलेल्या मिठाचा त्याला काडीचा उपयोग नाही आणि ते आत शिरलेच, तर पान थंडीआधी मिठानेच मरेल. हिशेबच करायचा, तर पाण्याचा गोठणबिंदू जेमतेम एक अंश खाली आणायला लिटरमागे 16-17 ग्रॅम मीठ लागते. संदेशातले प्रमाण लिटरला 33 ग्रॅम पडते आणि समुद्राच्या पाण्यात क्षार असतात सुमारे 35 ग्रॅम. म्हणजे बटाट्यावर समुद्र फवारा, असेच हे महाशय सांगत आहेत. फवारलेले पाणी सुकले की मीठ आणखी तीव्र होते, पानांच्या कडा जळतात, शेतकऱ्याला तो थंडीचाच मार वाटतो आणि तो बिचारा पुन्हा पंप भरतो. शिवाय ओघळलेले मीठ सरीत उतरते, त्याला खाली धुऊन नेणारा पाऊस जूनशिवाय येत नाही आणि बटाटा हे मुळात क्षार फारसे न सोसणारे पीक आहे.

पाणी तोडण्याचा सल्ला तर सरळ उलटा आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) 2005 साली पिकांच्या गोठण्यापासूनच्या संरक्षणावर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत जमिनीचा वरचा फूटभर थर ओला ठेवावा, असेच सांगितले आहे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती वर सोडते. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा भरलेली असल्याने खालची ऊब वर येत नाही. त्यामुळे आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर आदल्या दिवशी ऊन असतानाच हलके पाणी द्यावे, सऱ्या तुंबवू नयेत. मोबाइलवर 4 अंश दिसले म्हणून निर्धास्त राहू नये, कारण हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असतो आणि अशा रात्री पानाजवळ त्याहून काही अंश कमी भरतात. एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो: तुषार संच रात्री सुरू करून मध्येच वीज गेली, तर नुकसान वाढते, कारण ओल्या पानावरचे पाणी उडताना उष्णता ओढून घेते. वीज पहाटेपर्यंत टिकण्याची खात्री नसेल, तर तो मार्ग धरूच नये.

धुराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघून जाणारी उष्णता ते अडवत नाहीत, उलट सकाळचे ऊन अडवतात. जी काही ऊब मिळते ती आगीची असते, असे त्याच ग्रंथात म्हटले आहे.

पाने काळी पडली की घाईने बटाटा उपटणे, हेही तोट्याचेच आहे. मातीची भर नीट लावलेली असेल, तर खालचे बटाटे सहसा सुखरूप असतात आणि पीक कोवळे असल्यास खोडावरच्या डोळ्यांतून नवी फूटही येते. उघडे पडलेले बटाटे तेवढे मातीने झाकावेत आणि काही दिवस थांबून, फुटव्यांची स्थिती पाहून मगच काढणीचे ठरवावे.