उत्तराची वर्गणी कोणी भरायची?

गेल्या हिवाळ्यात दोन आठवडे इंदूरला होते. रामबागेत माझ्या चुलत भावाचं, दादाचं, क्लिनिक आहे. तीस वर्षांहून जास्त काळ तो त्याच खुर्चीत बसतो. घरी त्याच्याशी बोलायला सवड मिळत नाही, म्हणून संध्याकाळी मीच त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसायचे.

एका रात्री, दार लावायच्या वेळेला, बहात्तर वर्षांच्या एक आजी आल्या. लघवीला जळजळ होत होती. ताप नव्हता, पाठ दुखत नव्हती. पिशवीत जुने रिपोर्ट होते आणि त्यात, किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं, क्रिएटिनिन १.४. दादानं नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या संसर्गावरचं औषध लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. "अगं, किडनी अशी असताना हे द्यायचं की नाही? आमच्या वेळी वेगळं शिकवलं होतं."

त्यानं आजींना बाहेर बाकावर बसवलं आणि शहरातल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला. चार-पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. एक म्हणाले, किडनीच्या गाळण्याचा आकडा ६०च्या खाली असेल तर बंद. दुसरे म्हणाले, ३०पर्यंत खुशाल द्या. तिसऱ्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकला, त्यात अर्धी ओळ कापली गेली होती. चौथ्यांनी एका कंपनीचं माहितीपत्रक पाठवलं, त्यात मात्रा होती पण किडनीबद्दल एक शब्द नव्हता.

यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं, हे मला आधी सांगायचं आहे. हे औषध रक्तातून गाळलं जाऊन लघवीत उतरतं आणि तिथेच काम करतं. किडनी कमी गाळत असेल तर लघवीत पुरेसं पोचत नाही, शिवाय शरीरात साठून मज्जातंतूंना अपाय करू शकतं. किडनीच्या गाळण्याचा जो आकडा रिपोर्टवरून काढतात, त्याची खालची मर्यादा अमेरिकेतल्या औषधाच्या जुन्या लेबलवर ६० आहे. तिथल्याच वृद्धोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५मध्ये ती ३०वर आणली. ब्रिटनची बीएनएफ ही औषधपुस्तिका ४५च्या खाली टाळा म्हणते, आणि ३० ते ४४मध्ये, जंतू इतर औषधांना दाद देत नसतील तरच, थोड्या दिवसांसाठी सांभाळून वापरायला सांगते. आजींचा आकडा चाळिसाच्या आसपास येत होता. म्हणजे ग्रुपवरचा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होता, पण कोण कुठल्या वर्षाच्या पुस्तकातून बोलतंय, हे कोणी लिहिलं नव्हतं.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. माझ्या फोनवर बीएनएफ आहे आणि नोकरीच्या लॉगिनवर बीएमजे बेस्ट प्रॅक्टिस हे आजारांवरच्या उपचारांचं सार सांगणारं साधन उघडतं. दोन्ही पाहायला मिनिटभर लागलं. दादानं लघवी जंतूंच्या तपासणीला, कल्चरला, पाठवली आणि तोवर फॉस्फोमायसिन या दुसऱ्या औषधाची एकच मात्रा दिली. आजी गेल्यावर त्यानं तेच पान स्वतःच्या फोनवर उघडून पाहिलं. पानानं वर्गणी मागितली. त्यानं फोन पालथा ठेवला आणि दिवे बंद करायला उठला.

त्या पालथ्या फोनामुळे हे लिहिते आहे.

डॉक्टरांनी अद्ययावत राहावं की नाही, यावर भारतात जोरात वाद चालतो, पण तो नेहमी तासांवर येऊन अडतो. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या आचारसंहितेत दर पाच वर्षांत ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण, म्हणजे सीएमई, करावं असं लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नवे नियम आणले. औषधकंपन्यांनी प्रायोजित केलेल्या कार्यक्रमांना डॉक्टरांनी जाऊ नये, असंही त्यात होतं. मुख्य गदारोळ झाला तो जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ, नाव लिहिण्याच्या सक्तीवर, आणि तीन आठवड्यांत सगळेच नियम स्थगित झाले. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारनं औषधविक्रीसाठी आचारसंहिता काढली. तिनं भेटवस्तू आणि परदेशवाऱ्या बंद केल्या, सीएमईला मात्र अटींसह वाट ठेवली. घरच्या जेवणांमध्ये मी दोन्ही बाजू ऐकल्या. एका बाजूला "कंपनीनं हॉल दिला नाही तर कोण देणार?" आणि दुसऱ्या बाजूला "जेवायला जाणारे शिकतात काय?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण रात्री बाकावर बसलेल्या आजींचं उत्तर हॉटेलच्या हॉलमध्ये मिळत नाही. तिथे जे सांगतात ते त्या दिवशी कोणी विचारलेलं नसतं, आणि जेव्हा प्रश्न पडतो तेव्हा हॉल रिकामा असतो.

प्रश्न पडतात तरी किती? १९८५मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या खोलीत बसून मोजलं गेलं. साधारण दर तीन रुग्णांमागे दोन प्रश्न निघाले, आणि रुग्ण समोर असेपर्यंत त्यातल्या जेमतेम ३० टक्क्यांचं उत्तर मिळालं. तेही बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरला विचारून. १९९९मध्ये आयोवातल्या १०३ फॅमिली डॉक्टरांचे अकराशे प्रश्न नोंदवले गेले. निम्म्याहून जास्त प्रश्नांचा त्यांनी पाठपुरावाच केला नाही, आणि ज्यांचा केला त्यांना सरासरी दोन मिनिटंही दिली नाहीत. हे आळशी डॉक्टर नव्हते. दारात पुढचा पेशंट होता, एवढंच. दादाच्या दारातही असतो, आणि आयोवापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून माझ्या लेखी खरा हिशोब त्या दोन मिनिटांचा आहे: तेवढ्या वेळात विश्वासाचं उत्तर हाताशी येतं का, आणि त्याचे पैसे कोण भरतं.

माझ्याकडे ते येतं, कारण इंग्लंडमध्ये ती वर्गणी आरोग्यसेवेनं आधीच भरलेली असते. इस्पितळात ग्रंथपाल असतात. अवघड प्रश्न ईमेलनं पाठवला तर ते शोध घेऊन निबंधांची यादी देतात. १९९९मध्ये स्थापन झालेल्या नाइस या सरकारी संस्थेच्या उपचारांवरच्या मार्गदर्शिका कोणीही फुकट वाचू शकतो.

तरीही "तिकडच्यासारखं करा" म्हणणाऱ्यांना मला थांबवावंसं वाटतं. डिसेंबर २०१२पासून आम्हाला दर पाच वर्षांनी परवान्याची पुनर्मान्यता घ्यावी लागते. दरवर्षी एका सहकारी डॉक्टरासमोर आढावा होतो आणि आमच्या रॉयल कॉलेजच्या, म्हणजे जीपींच्या व्यावसायिक संस्थेच्या, अपेक्षेप्रमाणे वर्षाला ५० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. त्यातला चांगला भाग म्हणजे काय शिकलात आणि त्यानं तुमच्या कामात काय बदललं, हे लिहावं लागतं. त्या लिहिण्यानं मला काही वेळा खरंच थांबवून विचार करायला लावलं आहे. पण ऑनलाइन धड्यांची मोठी संख्या अशी असते की रात्री अकराला शेवटच्या पानापर्यंत जायचं, दहा प्रश्न सोडवायचे आणि प्रमाणपत्र जोडायचं. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. तीसचे पन्नास तास केले म्हणून इंदूरचा डॉक्टर शहाणा होणार नाही.

आणि दादाच्या ग्रुपमध्ये जे आहे ते माझ्याकडे नाही. त्या रात्री सगळ्यात शेवटी एका किडनीतज्ज्ञांचा आवाजी संदेश आला. ते कुठल्यातरी लग्नात होते, मागे सनई वाजत होती. त्यांनी शांतपणे विचारलं, आजींचं वजन किती, आणखी कोणती औषधं चालू आहेत, आधी असं कधी झालं होतं? लीड्समध्ये मी तज्ज्ञांना प्रश्न संगणकावरून पाठवते आणि उत्तराला काही दिवस लागतात. लग्नाच्या पंगतीतून कोणी मला पेशंटचं वजन विचारत नाही. हा ग्रुप मोडू नये. फक्त त्याच्या हाताशी एक चांगलं, तारीख लिहिलेलं पुस्तक हवं.

ते पुस्तक विकत घेण्याइतके पैसे देशानं काढलेले आहेत, हे माझ्या मनाला जास्त लागतं. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन-नियतकालिकांच्या वर्गणीची योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. सरकारी मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना याचा लाभ होईल, आणि तो व्हायलाच हवा. मी इंदूरच्या एमजीएम या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकत असताना लायब्ररीतल्या एका अंकासाठी आम्ही रांग लावायचो. पण त्याच कॉलेजातून बाहेर पडून ज्यानं रामबागेत, पलासियात किंवा सुदामानगरात दवाखाना टाकला, तो या योजनेच्या बाहेर आहे. भारतात बहुतेक लोक आधी ज्याच्याकडे जातात तो हाच डॉक्टर. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली, तेव्हा विद्यार्थ्यानं कुठल्या भाषेत शिकावं यावर केवढी चर्चा झाली! पदवीनंतरच्या चाळीस वर्षांत त्यानं काय वाचावं, यावर तशी चर्चा मी ऐकलेली नाही.

संस्थेच्या भिंतींबाहेर ज्ञान नेणं आपल्याला नवं नाही. २००७मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं कॉक्रेन लायब्ररी या उपचारांच्या पुराव्यांच्या संग्रहाची वर्गणी सबंध देशासाठी भरली, आणि भारतातल्या कुठल्याही इंटरनेट जोडणीवरून ती वाचता येऊ लागली. ना कॉलेजचं लॉगिन, ना ओळखपत्र. दादाला हे मी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. २००७पासून कोणी एमआर, म्हणजे औषधकंपनीचा प्रतिनिधी, त्याला हे सांगायला आला नाही. येणार तरी का? त्यात विकायला काही नव्हतं. म्हणून दार उघडून भागत नाही, दार कुठे आहे ते सांगणारा माणूसही लागतो.

माझी मागणी एवढीच आहे. ऑगस्ट २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही सुरू झाली, तिच्यात प्रत्येक डॉक्टरला स्वतंत्र क्रमांक मिळायचा आहे. तोच क्रमांक वाचनालयाची किल्ली करा. तेरा हजार नियतकालिकं दादाला नकोत. औषधांची एक रोज सुधारलेली पुस्तिका आणि नेहमीच्या आजारांवर पुराव्यांचं सार सांगणारं एक साधन, एवढं देशाच्या नावानं घ्या. प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजातल्या एका ग्रंथपालाला बाहेरच्या डॉक्टरांचे प्रश्न घ्यायचं काम द्या, आणि असा प्रश्न विचारून उत्तर वाचलं, तर तो वेळ त्या तीस तासांत धरा.

परत निघताना मी दादाला म्हटलं, महिनाभर पडलेले प्रश्न नुसते लिहून ठेव, उत्तर नको. त्यानं प्रिस्क्रिप्शनच्या पॅडची मागची पानं वापरली आणि मागच्या रविवारी फोटो पाठवले. थायरॉइडच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत किती तासांचं अंतर? दूध पाजणाऱ्या आईला हे चालेल? डेंग्यूत प्लेटलेट्स कितीला घाबरायचं? काही प्रश्नांपुढे बरोबरची खूण होती, म्हणजे कोणालातरी विचारून उत्तर मिळालं होतं. पान उलटल्यावर खुणा कमी होत गेल्या. शेवटच्या पानावर सात प्रश्न होते आणि खूण एकालाही नव्हती.