वकिलातीची जमीन कोणाची? लंडनच्या दाखल्यांसह एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

परदेशी वकिलातींविषयीचा एक संदेश समाजमाध्यमांवर आणि नातेवाइकांच्या गटांत वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा: प्रत्येक वकिलात म्हणजे त्या त्या देशाची भूमी होय, लंडनच्या ऑल्डविच भागातील इंडिया हाउसमध्ये, म्हणजे भारताच्या उच्चायुक्तालयात (राष्ट्रकुलातील देश आपसांतील वकिलातीला हे नाव देतात), पाऊल टाकले की आपण भारतात असतो, तेथे ब्रिटिश कायदा चालत नाही, ब्रिटिश पोलीस पाय ठेवू शकत नाहीत, तेथे जन्मलेले मूल आपोआप भारतीय ठरते, आणि परदेशात कोणी संकटात सापडलाच तर त्याने कसेही करून वकिलातीचे दार गाठावे, पुढचे सगळे वकिलात पाहून घेते. हा संदेश अभिमानाने पुढे पाठवला जातो आणि त्यामागची भावना मी समजू शकतो. परंतु यातील पोलिसांविषयीचे विधान तेवढे अर्धे खरे आहे, बाकीची चुकीची आहेत, आणि त्यांवर विसंबणाऱ्या माणसाचे खरोखरच नुकसान होऊ शकते. दीडशेहून अधिक देशांच्या वकिलाती ज्या शहरात आहेत आणि ज्याच्या न्यायालयांनी या प्रश्नांवर स्पष्ट निकाल दिले आहेत, त्या लंडनचेच दाखले घेऊन ही विधाने तपासून पाहू.

वकिलात ही परकी भूमी असते, हे मूळ विधान. ते कोसळले की बाकीच्या विधानांचा पाया राहत नाही, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. राजदूतांच्या संरक्षणाचे नियम 1961 च्या व्हिएन्ना करारात आहेत. त्याच्या बाविसाव्या कलमानुसार वकिलातीची वास्तू अनुल्लंघनीय असते, म्हणजे वकिलातीच्या प्रमुखाच्या संमतीवाचून यजमान देशाचे अधिकारी आत जाऊ शकत नाहीत. ती जागा पाठवणाऱ्या देशाच्या मालकीची किंवा सार्वभौमत्वाखालची होते, असे त्या करारात कोठेही म्हटलेले नाही. उलट एकेचाळिसाव्या कलमात यजमान देशाचे कायदे पाळणे हे संरक्षण लाभलेल्या प्रत्येक व्यक्तीचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. परक्या भूमीवर दुसऱ्याचे कायदे पाळण्याचे कर्तव्य सांगण्याचे कारणच उरले नसते.

हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयापुढे 1972 मध्ये थेट आला. एका इजिप्शियन पतीने 1970 साली लंडनमधील इजिप्तच्या महावाणिज्य दूतावासात (पारपत्र, व्हिसा यांसारखी कामे पाहणाऱ्या कार्यालयात) जाऊन दोन साक्षीदारांसमोर तीनदा तलाक उच्चारला होता. इजिप्तच्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांनी तो घटस्फोट पूर्ण झाला. ब्रिटनबाहेर मिळालेल्या घटस्फोटाला मान्यता देणारा कायदा तेव्हा नुकताच आलेला होता, त्यामुळे पतीच्या बाजूचा युक्तिवाद सरळ होता: दूतावास ही इजिप्तची भूमी, म्हणून हा घटस्फोट इजिप्तमध्ये झाला. न्यायमूर्ती कमिंग-ब्रूस यांनी आंतरराष्ट्रीय करार आणि विधिज्ञांची मते तपासली आणि तो युक्तिवाद फेटाळला. दूतावासाची खोली लंडनमध्ये आहे, म्हणजेच ती ब्रिटिश भूमीवर आहे. तेथे उच्चारलेला तलाक लंडनमध्ये उच्चारलेला आहे, असा तो निकाल. एका स्त्रीचा विवाह टिकला की मोडला, हे या एका प्रश्नावर ठरायचे होते, आणि म्हणूनच मला हा निकाल कोणत्याही पाठ्यपुस्तकी व्याख्येपेक्षा अधिक बोलका वाटतो.

फौजदारी कायद्याचेही तेच आहे. 30 एप्रिल 1980 रोजी सहा बंदूकधाऱ्यांनी प्रिन्सेस गेट येथील इराणची वकिलात ताब्यात घेतली आणि सव्वीस जणांना ओलीस धरले. सहाव्या दिवशी ब्रिटिश लष्कराच्या विशेष तुकडीने ती सोडवली. पाच हल्लेखोर मारले गेले आणि एक जिवंत हाती लागला. त्याच्यावर खटला चालला तो लंडनच्या न्यायालयात, आणि जन्मठेपही ब्रिटिश कायद्याखालीच झाली. गुन्हा इराणच्या भूमीवर घडला आहे, अशी भूमिका त्या न्यायालयाने घेतली नाही.

जमिनीच्या मालकीचे कागद पाहिले तर ही समजूत आणखी विरून जाते. अमेरिकेची वकिलात 2018 मध्ये टेम्सच्या दक्षिणेला नाइन एल्म्स येथे हलली. त्यापूर्वीची अनेक दशके ती ग्रोव्हनर चौकात होती आणि तेथील जमीन ग्रोव्हनर या इंग्रज उमराव घराण्याच्या इस्टेटीची होती; अमेरिकेकडे होता तो दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. चीनने 2018 साली टॉवर ऑफ लंडनजवळची रॉयल मिंट कोर्टची विस्तीर्ण जागा नव्या वकिलातीसाठी रीतसर विकत घेतली. तरीही बांधकामाच्या परवानगीसाठी त्याला टॉवर हॅम्लेट्स या स्थानिक परिषदेकडे अर्ज करावा लागला आणि डिसेंबर 2022 मध्ये परिषदेने तो नामंजूर केला. जागा चीनची भूमी झाली असती, तर लंडनच्या एका परिषदेच्या सभासदांनी तिच्यावर मतदान करण्याचा प्रश्नच आला नसता.

येथे महाराष्ट्राचा एक दाखला आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. ते वकिलातीचा भाग नाही, म्हणून दोहोंची पूर्ण बरोबरी करता येणार नाही. परंतु एका सरकारने दुसऱ्या देशात घर घेतले म्हणून ती जमीन त्या सरकारच्या सत्तेखाली जात नाही, हे त्यावरून नेमके कळते. त्या घराचे स्मारक करण्यासाठी कॅमडन परिषदेकडे परवानगी मागावी लागली, ती नाकारली गेली, अपील झाले, आणि 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्यांच्या निर्णयाने ती मिळाली.

आता अर्ध्या सत्याकडे, म्हणजे पोलीस आत येऊ शकत नाहीत या विधानाकडे वळू. संमतीवाचून येऊ शकत नाहीत, हे खरे आहे. चूक आहे ती त्यामागच्या कारणात. 1708 साली रशियाचे राजदूत आंद्रेई मात्वेयेव यांना कर्जापायी लंडनच्या भर रस्त्यात बग्गीतून ओढून काढून अटक झाली. झार पीटर संतापला, आणि ब्रिटिश संसदेला राजदूतांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. आजचे संरक्षण 1964 च्या कायद्याने मिळते. थोडक्यात, पोलिसांचा हात रोखणारा कायदाही ब्रिटनचाच आहे.

त्याची किती मोठी किंमत मोजावी लागते, हे 17 एप्रिल 1984 रोजी सेंट जेम्स चौकात दिसले. लिबियाच्या वकिलातीबाहेरील निदर्शकांवर आतून गोळीबार झाला आणि बंदोबस्तावरील पंचवीस वर्षांच्या पोलीस शिपाई इव्होन फ्लेचर यांचा मृत्यू झाला. मारेकरी आत आहे हे ठाऊक असूनही पोलीस अकरा दिवस बाहेर वेढा देऊन उभे राहिले. ब्रिटनने राजनैतिक संबंध तोडले आणि आतल्या लोकांना देशाबाहेर जाऊ दिले; त्या हत्येसाठी ब्रिटनमध्ये कोणालाही शिक्षा झालेली नाही. ज्यांना हा नियम अन्यायकारक वाटतो, त्यांचा राग मला समजतो. तरीही तो नियम मोडला असता, तर त्रिपोलीतील ब्रिटिश वकिलातीत अडकलेल्या लोकांचे काय झाले असते, हा विचार लंडनला करावाच लागला.

त्यानंतर संसदेने 1987 मध्ये नवा कायदा केला. कोणती जागा वकिलात मानायची याला परराष्ट्रमंत्र्यांची संमती लागते आणि जागेचा गैरवापर झाल्यास ती संमती काढूनही घेता येते. दुसऱ्या देशाच्या भूमीचा दर्जा ब्रिटिश मंत्री आपल्या सहीने काढून घेऊ शकला असता का? 2012 साली विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज इक्वेडोरच्या वकिलातीत आश्रयाला गेले, तेव्हा ब्रिटनने याच कायद्याची आठवण इक्वेडोरला लेखी करून दिली होती. तो वापरला गेला नाही. एप्रिल 2019 मध्ये इक्वेडोरनेच आश्रय काढून घेतला, पोलिसांना आत बोलावले आणि त्यांनी असांज यांना उचलून बाहेर नेले.

याच प्रसंगाने आश्रयाविषयीच्या भ्रमाचेही उत्तर दिले आहे. असांज यांना जवळजवळ सात वर्षे त्या मजल्यावरच्या खोल्यांबाहेर पडता आले नाही, कारण दारापासून विमानतळापर्यंतचा प्रत्येक फूट ब्रिटिश कायद्याखाली होता. वकिलातीत आश्रय देण्याची प्रथा लॅटिन अमेरिकेतील देश आपसांत पाळतात. तो सर्वत्र लागू असलेला हक्क ब्रिटन मानत नाही. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. ऑक्टोबर 1896 मध्ये चिनी क्रांतिकारक सन यत-सेन यांना पोर्टलँड प्लेसवरील चीनच्या वकिलातीत डांबून ठेवण्यात आले आणि गुपचूप चीनला नेण्याची तयारी झाली. डॉ. जेम्स कँटली या त्यांच्या शिक्षकमित्राला चिठ्ठी पोहोचली, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि ब्रिटिश सरकारने दबाव आणल्यावर त्यांची सुटका झाली. म्हणजे वकिलातीच्या भिंती आपल्याच माणसासाठी तुरुंगही होऊ शकतात.

इंडिया हाउसविषयी बोलायचे तर 19 मार्च 2023 चा प्रसंग पुरेसा आहे. निदर्शकांनी तेथील तिरंगा खाली ओढला आणि भारताने दिल्लीतील वरिष्ठ ब्रिटिश मुत्सद्द्याला बोलावून जाब विचारला की सुरक्षा कोठे होती. तो जाब रास्तच होता, कारण वकिलातीचे रक्षण करणे हे त्याच बाविसाव्या कलमाप्रमाणे यजमान देशाचे कर्तव्य आहे. ती भारतभूमी असती तर पहाऱ्याची जबाबदारी आपलीच ठरली असती. राष्ट्रीय तपास संस्थेने पुढे गुन्हा नोंदवला, तोही परदेशात घडलेल्या काही गुन्ह्यांचा तपास करण्याची मुभा भारतीय कायद्याने तिला दिलेली आहे म्हणून.

जन्माचा मुद्दा लवकर निकाली निघतो, पण आईबापांसाठी तो महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या भारतीय मुलाला, मग ते रुग्णालयात जन्मो वा इंडिया हाउसच्या दालनात, भारतीय नागरिकत्व मिळते ते 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील वंशपरंपरेच्या कलमाने. त्यासाठी जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात किंवा वाणिज्य दूतावासात करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही, असे लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. दुसरीकडे, 1983 पासून केवळ ब्रिटनमध्ये जन्मल्याने कोणी ब्रिटिश होत नाही; आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक अथवा कायमचे रहिवासी असावे लागतात. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी जोडप्याने “मूल आपोआप कोठले तरी होईलच” असे समजून नोंद लांबवली, तर ते मूल काही काळ कोणत्याच पारपत्रावाचून राहू शकते.

आत काम करणाऱ्यांना ब्रिटिश कायदा लागू नाही, हे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्याचा फटका सर्वांत दुबळ्या माणसाला बसतो. सुदानच्या वकिलातीतील एका स्वयंपाकिणीने आणि लिबियाच्या वकिलातीतील एका घरकामगार स्त्रीने नोकरीतील हक्कांसाठी दावे लावले. परक्या राज्याविरुद्ध असा दावा चालत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये निर्णय दिला की त्यांना न्यायालयाचे दार अशा रीतीने बंद करता येणार नाही. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: एका सौदी मुत्सद्द्याच्या घरी राबवून घेतल्याचा आरोप करणाऱ्या फिलिपिनी कामगार स्त्रीच्या दाव्यात, आरोप खरे असतील तर अशी पिळवणूक हा मुत्सद्द्याचा खाजगी लाभाचा व्यवहार ठरतो आणि त्याला राजनैतिक कवच मिळत नाही, असे बहुमताने ठरले. “साहेबांच्या घरात इथला कायदा चालत नाही” हे वाक्य अशा स्त्रियांना गप्प बसवण्यासाठी सोयीचे असते, आणि आपण पुढे पाठवलेला संदेश त्या वाक्याला बळ देतो.

मुत्सद्द्यांना फौजदारी खटल्यापासून संरक्षण असते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांचा देश ते काढून घेऊ शकतो आणि यजमान देश त्यांना परत पाठवू शकतो. वसुली होत नाही म्हणजे कायदाच नाही, असेही नव्हे: मध्य लंडनमध्ये मोटारी आणण्याबद्दलचे गर्दी शुल्क 2003 पासून अनेक वकिलातींनी कर म्हणून नाकारले आहे, तरी ते त्यांच्या नावावर चढतच असून थकबाकी 14 कोटी पौंडांच्या पुढे गेली आहे.

वाणिज्य दूतावासांचे नियम आणखी वेगळे आहेत. ते 1963 च्या स्वतंत्र करारात येतात. तेथे कामकाजाचा भागच अनुल्लंघनीय असतो, आग लागल्यास आत येण्याची संमती गृहीत धरता येते, आणि वाणिज्य दूतांना मुख्यतः कामाच्या संदर्भातच संरक्षण मिळते. लंडनमध्ये उच्चायुक्तालय आणि बर्मिंगहॅम किंवा एडिंबरा येथे वाणिज्य दूतावास, अशी भारताची मांडणी आहे. संदेशात ही सगळी कार्यालये एकाच मापाने मोजली जातात.

राहिला अटकेचा प्रश्न. वकिलात कोणाला कोठडीतून सोडवू शकत नाही, जामीन भरत नाही आणि खटला थांबवू शकत नाही. इंग्लंडमध्ये अटक झालेल्या परदेशी नागरिकाला मात्र आपल्या उच्चायुक्तालयाला कळवा, असे पोलीस ठाण्यातच सांगण्याचा हक्क आहे. अधिकारी भेटू शकतात, घरच्यांना निरोप देऊ शकतात, वकिलांची नावे सुचवू शकतात. त्याहून तातडीचा हक्क ब्रिटिश कायद्यानेच दिलेला आहे: पोलीस ठाण्यात वकिलाचा सल्ला विनामूल्य मिळतो, तो कोणत्याही देशाच्या नागरिकाला मिळतो, आणि चौकशीला उत्तरे देण्याआधी मागता येतो.